टोपलीच्या मालकास कारणे दाखवा नोटीस

प्रति,
मा. टेबलाखालच्या टोपलीचे मालक
(हुद्दा आपण स्वतः भरून घ्यावा),
मु. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा, यांपैकी लागू असेल ते.

विषय : निळ्या डब्यात आढळलेला अर्धा कप चहा, दोन केळ्यांची साले, एक पुष्पगुच्छ आणि स्वच्छता पंधरवड्याचे परिपत्रक यांबाबत खुलासा सादर करणे.

संदर्भ : १) घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ आणि त्यांच्या जागी आलेले २०२६ चे नियम. २) आपल्याच कार्यालयाच्या भिंतीवरचा ‘ओला हिरव्यात, सुका निळ्यात’ हा फलक. ३) आपल्या दालनाबाहेरील बाक.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, प्रस्तुत अर्जदार एका साध्या दाखल्यासाठी आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसून असतो. साहेब व्हीसीत आहेत, व्हीसी संपली की मीटिंग आहे, मीटिंग संपली की दौरा आहे, असे आतून कळते. बाकासमोर दोन डबे आहेत, एक हिरवा, एक निळा. मोबाईलची बॅटरी संपल्यावर माणसाने पाहायचे तरी काय? त्यामुळे आपल्या दालनात काय चालते ते मला ठाऊक नसले, तरी दालनातून काय बाहेर पडते ते मी सविस्तर सांगू शकतो. आपण साखर सोडली आहे, बिस्कीट सोडलेले नाही. टिपणीचा पहिला खर्डा आपल्याला कधीच पसंत पडत नाही. आणि नुकताच आपला कुठेतरी सत्कार झालेला आहे, त्याबद्दल अभिनंदन.

ही सगळी माहिती मला निळ्या डब्याने पुरवली. आपल्या टेबलाखालची टोपली शिपाई दिवसातून एकदा बाहेर आणतो आणि जो डबा जवळ असेल त्यात पालथी करतो. निळा डबा दाराजवळ आहे. त्याच्यावर ‘सुका कचरा’ असे ठळक अक्षरांत लिहिले आहे. डब्याला वाचता येत नाही, म्हणून तो मिळेल ते घेतो. आपल्याला वाचता येते.

हे डबे आले त्या दिवसाचे वर्णन मला बाकावरच्या ज्येष्ठ अर्जदारांकडून मिळाले. डब्यांभोवती उभे राहून फोटो काढण्यात आला, फोटोला अक्षांश-रेखांश जोडण्यात आले, तो वर पाठवण्यात आला आणि वरून अंगठा आला. डब्यांचे शासकीय काम तिथेच पूर्ण झाले. तेव्हापासून ते मुदतवाढीवर आहेत.

आपल्याला वर्गीकरण येत नाही, असा आरोप मी करणार नाही. वर्गीकरणात मुरलेला माणूस शोधायचा तर सरकारी कार्यालय सोडून दुसरीकडे जायलाच नको. सहा गठ्ठे पद्धत ही आपल्या खात्याची शान. चालू प्रकरणे एका गठ्ठ्यात, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणारी प्रतीक्षाधीन दुसऱ्यात, नियतकालिक विवरणपत्रे तिसऱ्यात, स्थायी आदेश चौथ्यात, अभिलेख कक्षात जायची पाचव्यात आणि नष्ट करायची सहाव्यात. एवढ्यावर भागत नाही म्हणून अभिलेखांचे वर्ग : अ कायमचा, ब तीस वर्षांचा, ड वर्षभराचा, आणि मध्ये क आहेच. नवखा लिपिकही कागद हातात घेऊन क्षणात सांगतो की हा ब आहे. त्याच लिपिकाला, आणि त्याच्या साहेबांना, केळ्याची साल ओली की सुकी हे ठरवता येत नाही, यावर विश्वास कसा ठेवावा?

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. तेव्हा गावे वेगळी काढली, तालुके वेगळे काढले, दोन जिल्ह्यांचे कागद वेगळे काढले, कर्मचारी वेगळे काढले. एवढा मोठा जिल्हा ज्या यंत्रणेने नीट निवडून बाजूला केला, तिला चहाचा कप आणि कोरा कागद एकमेकांपासून बाजूला करणे जड जाते.

आणि घरी? घरी तर आपण कचरा निवडण्यात पारंगत आहात. आपल्या माळ्यावर मराठी वर्तमानपत्रे एका बाजूला आणि इंग्रजी दुसऱ्या बाजूला रचलेली असतात, कारण रद्दीवाला दोन्हींना वेगळा भाव देतो. त्या थप्पीवर तेलाचा एक थेंब पडला तर घरात चौकशी समिती बसते. पुठ्ठा वेगळा, डबे-बाटल्या वेगळ्या, लोखंड वेगळे. देवघरातले निर्माल्य खरकट्यात गेलेले आपल्याला खपत नाही. म्हणजे घरात आपण पाच-सहा प्रकार सहज सांभाळता, तेही कुणी परिपत्रक काढलेले नसताना. हे कसब कार्यालयाची पायरी चढताना कुठे गळून पडते, याचा खुलासा अपेक्षित आहे.

माझा तर्क असा. कार्यालयात कागदाला आवक क्रमांक असतो, तारीख असते, टेबल असते, सही असते. तो हरवला तर कोणाच्या टेबलावरून हरवला, हे सापडते. रीतसर नष्ट करायच्या कागदाचाही मान मोठा : त्याची यादी होते, मंजुरी होते, रद्दी म्हणून वजन होते, आलेले पैसे चलनाने सरकारजमा होतात. पण तोच कागद आपण चुरगाळून टोपलीत टाकलात की तो हिशेबातून सुटला. टोपलीतल्या वस्तूला नाव नाही, क्रमांक नाही. चूक ज्याच्या हातून होते त्याला ती कधी दिसत नाही, आणि जिला दिसते त्या सफाईच्या बाईला साहेबांना बोलायची सोय नाही. वर्गीकरण बिघडते ते इथे. बाकी सगळी पोस्टरबाजी.

आता डब्यातील वस्तूंकडे एकेक करून येऊ.

पहिली, चहाचा कप. ‘कागदी’ म्हणून आपण त्याला निर्धास्तपणे सुक्यात सोडता. त्याच्या आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो; नसता तर चहा आपल्या विजारीवर आला असता. कागद गिरणीत रद्दी पाण्यात घुसळून तिचा लगदा करतात. हा थर कागदाला सहजी सोडत नाही, म्हणून रद्दीवाला असा कप साध्या कागदात धरत नाही. जुलै २०२२ मध्ये राज्य सरकारने प्लास्टिकचा थर दिलेल्या कप-ताटल्यांवर बंदी घातली. आपल्याकडे तो आदेश बहुधा प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात आहे. तरी कपाचे एक वेळ चालून जाईल, त्यातल्या दोन घोटांचे चालत नाही. कार्यालयातला पांढरा कागद म्हणजे रद्दीतला उंची माल. एकाच जातीचा, शाई बेताची, माती नाही, तेल नाही. कागदाचा धागा दर फेरीत थोडा आखूड होत जातो, तरी साधारण पाच ते सात वेळा त्यातून नवा कागद निघू शकतो. दूध-साखरेत भिजलेला कागद मात्र पोत्यात दोन दिवस राहिला की बुरसतो आणि शेजारच्या कोरड्यालाही घेऊन बुडतो. आपल्या नापसंत खर्ड्याचे पुढचे पाच-सात जन्म असे दोन घोटांत संपतात.

दुसरी, पुष्पगुच्छ. कचरा वर्गीकरणाच्या खातेनिहाय परीक्षेत हा प्रश्न शंभर गुणांचा ठेवावा. फुले आणि पाने ओल्यात. वरचा चकचकीत कागद हा कागदच नव्हे, प्लास्टिक, तो सुक्यात. रिबीन सुक्यात. टाचण्या तिसरीकडे. करंडीचा गुच्छ असेल तर ज्या हिरव्या ठोकळ्यात देठ खोचलेले असतात तो ओलसर लागतो, पण तो फेस केलेल्या प्लास्टिकचा असतो आणि कुजत नाही. एवढे सगळे सोडवायचे तर पाच मिनिटे लागतात. सत्कार दीड मिनिटात उरकतो. म्हणून गुच्छ अखंड निळ्या डब्यात जातो, डोके वर काढून, आणि बाकावरच्या आम्हा लोकांना वाटते की डब्याचाच सत्कार झाला.

तिसरी, गुणगौरव प्रमाणपत्र. ‘पर्यावरण संवर्धनातील उल्लेखनीय कामगिरीबद्दल’ असे त्यावर छापलेले असते आणि मग त्याला दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन केलेले असते. कागद आणि प्लास्टिक यांची अशी गाठ मारून दिली की त्यातून पुन्हा कागद निघत नाही आणि प्लास्टिकही निघत नाही. उल्लेखनीय कामगिरी खरीच.

चौथी, पाण्याच्या बाटल्या. स्वच्छतेवरच्या बैठकीइतक्या बाटल्या दुसऱ्या कुठल्याही बैठकीत निघत नाहीत, हे माझे बाकावरचे निरीक्षण. भंगारवाल्याला ही बाटली हवीच असते. सुक्या कचऱ्यातला हा चांगला चालणारा माल. झाकण वेगळ्या प्लास्टिकचे, तेही चालते. अट एकच, बाटली रिकामी हवी. आपल्या बैठकीत प्रत्येकजण दोन घोट घेऊन बाटली सोडतो, ती तशीच डब्यात जाते, झाकण सैल असते आणि उरलेले पाणी कागदावर. इथे एकबुर्जीच्या धरणाकडे डोळे लावून बसलेले शहर आहे, साहेब. उरलेले पाणी कुंडीत टाकले तर तुळस तरी जगेल.

पाचवीविषयी फार लिहीत नाही. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, त्यामुळे डब्यात पुड्या सापडणे अशक्य आहे. तरीही सापडतात. प्लास्टिक आणि धातूचे पापुद्रे एकमेकांना चिकटवून केलेली ती पुडी कुणी विकत घेत नाही. पुडीसोबत जे तोंडातून डब्यात येते, त्यानंतर तर डब्यातले काहीच कुणी विकत घेत नाही.

आता त्या दोन डब्यांचे पुढे काय होते, ते ऐका. ठेकेदारामार्फत एक मावशी आपल्याकडे साफसफाईला येतात. त्या पोते घेऊन आल्या, हिरवा डबा त्यात ओतला, मग निळा डबा त्यातच ओतला. मी विचारले, “मावशी, दोन्ही एकाच पोत्यात काहून?” त्या म्हणाल्या, “डबे दोन देल्ले बापू, पोतं एकच देल्लं.”

घनकचरा व्यवस्थापनावर मी आजवर जेवढी भाषणे ऐकली, त्यांत एवढे नेमके वाक्य नव्हते. निविदेत ‘कचरा उचलणे’ असे काम लिहिलेले आहे. ‘वेगवेगळा उचलणे’ असे लिहिलेले नाही. डबे खरेदी करताना जोडीने आले, कारण फोटोत जोडी शोभते. पोते फोटोत येत नाही. मग दारात येणाऱ्या घंटागाडीला कितीही कप्पे असोत, तिला आपल्या कार्यालयातून खिचडीच मिळणार.

याचा परिणाम केवळ त्या पोत्यापुरता राहत नाही. आपल्याकडे एक तरुण कर्मचारी आहेत. डबा खाऊन झाला की साल हिरव्यात, फॉईल निळ्यात, असे दोन डब्यांसमोर थांबून टाकायचे. एका दुपारी त्यांनी मावशींचे पोते पाहिले. दुसऱ्या दिवसापासून तेही चालता चालता फेकू लागले. एका माणसाने चूक केली तर एक डबा बिघडतो. चुकीला आणि अचूकतेला एकच शेवट आहे हे एकदा दिसले की सगळे कार्यालय बिघडते. त्या तरुणाला आपण आता ‘जनजागृती’च्या प्रशिक्षणाला पाठवणार असल्याचे कळते.

‘लोकांमध्ये जागृतीच नाही हो’ हे आपले आवडते वाक्य. ते आपण ज्या टेबलामागे बसून म्हणता त्याच्या खालीच ती टोपली असते. तेव्हा जागृतीचा मुद्दा तपासून घेऊ.

याच जिल्ह्यातल्या कुठल्याही सरकारी रुग्णालयात जा. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम तिथे चार रंग मागतात. रक्ताने माखलेला कापूस-बँडेज पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या आणि सुई काढलेली सिरिंज लाल पिशवीत, सुया आणि पाती टोचणार नाहीत अशा पांढऱ्या डब्यात, काचेच्या कुप्या निळ्यात. पिवळ्यातले बहुतेक भट्टीत जाते. लाल पिशवीतले प्लास्टिक निर्जंतुक करून, तुकडे करून पुन्हा वापरात येऊ शकते. पिशव्यांना बारकोड लागतो आणि प्रक्रिया न केलेला असा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, असा दंडक आहे. हे काम कोण करते? रात्रपाळीला दमलेली परिचारिका आणि वॉर्डातला सफाई कामगार. गडबडीच्या वेळी, रुग्ण कण्हत असताना, चार रंगांत. चुका तिथेही होतात. पण तिथे चुकीला शरीर आहे : सुई साध्या पिशवीत गेली तर ती कुणाच्या तरी बोटात जाते. आपल्या टोपलीतली चूकही कुणाच्या तरी हाताला लागते, साहेब. फक्त तो हात आपल्या कार्यालयाच्या आस्थापनेवर नाही.

त्या हातांविषयी पुण्याने आपल्याला पुष्कळ शिकवून ठेवले आहे. कचरा वेचणाऱ्या बायकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ बाबा आढावांच्या पुढाकाराने १९९३ मध्ये उभी राहिली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि या बायका महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा घेऊ लागल्या. त्यांचे म्हणणे पहिल्यापासून साधे आहे : तुम्ही घरातच वेगळे द्या, म्हणजे आम्हाला उकिरड्यात हात घालावा लागणार नाही. कोणता कागद कोणत्या भावाचा, कोणते प्लास्टिक वितळते आणि कोणते नाही, हे त्या बोटाने दाबून सांगतात. आपल्या कार्यालयात ‘तज्ज्ञ मार्गदर्शक’ म्हणून पुढच्या वेळी कुणाला बोलवायचे हा प्रश्न पडला, तर उत्तर भंगाराच्या दुकानात आहे. मानधन मात्र चहा-बिस्किटावर भागवू नका.

वेंगुर्ला हे तर आपल्यासारख्याच नगर परिषदेचे गाव. सिंधुदुर्गात, समुद्राकाठी, बारा-साडेबारा हजार वस्तीचे. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथे घरोघरी आणि दुकानोदुकानी वर्गीकरण सुरू झाले. सुक्या कचऱ्याचे पुढे वीसहून अधिक प्रकार वेगळे होऊ लागले. जिथे नाक दाबून जायचे त्या डंपिंग ग्राऊंडचे ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळ’ झाले आणि दूरदूरची माणसे ते पाहायला येऊ लागली. वेंगुर्ल्याच्या लोकांना जन्मतः जागृती झालेली होती, असे कुणी म्हणत नाही. वर्गीकरण न करता दिलेला कचरा गाडी घेणार नाही, हे तिथे एकदा ठरले आणि मग ते खरेच पाळले गेले. एवढेच. पण ‘खरेच पाळले गेले’ या तीन शब्दांसाठी लेखाशीर्ष नसते, म्हणून ते आपल्या आराखड्यात दिसत नाहीत.

मला ठाऊक आहे, एवढे वाचून आपल्या मनात अभ्यासदौऱ्याचा विचार आला असेल. जपानमध्ये कामिकात्सू नावाचे डोंगरातले गाव आहे, तिथे कचऱ्याचे चाळीसहून अधिक प्रकार करतात. प्रस्ताव त्याचाच तयार होईल. जरूर जा. पण जाण्याआधी टेबलाखालच्या टोपलीचे दोन प्रकार करून गेलात, तर तिथल्या म्हाताऱ्या आजीबाईंनी विचारल्यावर खाली बघावे लागणार नाही.

आणि परदेशातलेच ज्ञान हवे असेल, तर स्वस्तातले आहे. अमेरिकेतले संशोधक शॉन डफी आणि मिशेल व्हर्जेस यांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. डब्यांवर साधी झाकणे न ठेवता वस्तूच्या आकाराची भोके असलेली झाकणे बसवली : बाटली-कॅनसाठी गोल भोक, कागदासाठी फट. बाटल्या-कॅन योग्य डब्यात जाण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी वाढले आणि पुनर्वापराच्या कचऱ्यात भलत्या वस्तू पडण्याचे प्रमाण ९५ टक्क्यांनी घटले. भाषण नाही, रॅली नाही, शपथ नाही. हाताने फटीसमोर कप धरला की हातालाच कळते, हा इथे जात नाही. वाशिमच्या बाजारात कुणीही पत्र्याचे काम करणारा कारागीर असे झाकण अर्ध्या तासात कापून देईल. अडचण एकच : भोकाची निविदा काढता येत नाही.

आपल्या दालनात, खुर्चीच्या मागे, संत गाडगेबाबांची तसबीर आहे. बाबा शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले, शेंडगावचे. २० डिसेंबरला, बाबांच्या पुण्यतिथीला, त्या तसबिरीला हार घातला जातो, दुसऱ्या दिवशी तो हार दोरा आणि जरीसकट निळ्या डब्यात येतो, हेही मी पाहिले आहे. ज्यांच्या नावाने २००० सालापासून राज्यात ग्रामस्वच्छता अभियान चालले, ते गावात शिरले की आधी खराटा हातात घेत आणि संध्याकाळी कीर्तन करीत. क्रम लक्षात घ्या : खराटा आधी, कीर्तन मागून. आपल्याकडे कीर्तन वर्षभर चालते. खराटा ठेकेदाराकडे आहे.

आपण म्हणाल, एका कपाने काय होते? कप एक नाही. जिल्ह्यातली सहा तहसील कार्यालये, पंचायत समित्या, नगर परिषदा, शाळा, बँका, बसस्थानके, रुग्णालये, न्यायालये, सगळीकडे एक टोपली आहे आणि टोपलीला एक मालक आहे. ओल्या-सुक्याची खिचडी गावाबाहेर जाते. तिथे प्लास्टिकच्या पिशवीतला वास घेऊन गाय पिशवीच गिळते. खिचडीतूनच चाळून काढलेले खत शेतात पडले, तर सोयाबीनच्या ओळींत काचेचे तुकडे आणि पिशव्यांच्या चिंध्या निघतात. ज्या शेतकऱ्याला ते एकदा मिळाले तो दुसऱ्यांदा नगर परिषदेचे खत फुकटही नेत नाही. आणि आपल्याच कार्यालयाच्या जिन्याखाली निर्लेखनाची वाट पाहत असलेले मॉनिटर, उडालेल्या ट्यूबलाइटी? ट्यूबलाइटीत पारा असतो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. तो माल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवा. आपल्याकडे तो जिन्याखाली आहे, हे एका अर्थी बरे. किमान निळ्या डब्यात तरी नाही.

कायद्याचे म्हणाल तर तो कच्चा नाही. कचरा वेगळा करण्याची गोष्ट २००० च्या नियमांतही होती. ८ एप्रिल २०१६ च्या नियमांनी प्रत्येक कचरा निर्माण करणाऱ्यावर तीन भागांत वर्गीकरणाची जबाबदारी टाकली. पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या संस्थांना त्याची घडी बसवायला एक वर्ष दिले. आता १ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांत भाग चार झाले आहेत : ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. आपण दोनमध्ये अडकलेले असताना सरकार चारवर पोहोचले. पुढच्या फोटोसाठी चार डबे येतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पोती किती येतील, ते विचारून ठेवा.

सबब, आपणास सूचित करण्यात येते की,

१) प्रत्येक टेबलाखालची टोपली, आपल्या टोपलीपासून सुरुवात करून, काढून घ्यावी. कचरा टाकायला उठावे लागले की माणूस कुठे टाकतोय ते बघतो. चार पावले चालल्याने प्रकृतीलाही बरे. साखर सोडलीच आहे.

२) हिरवा आणि निळा डबा कायम शेजारी-शेजारी ठेवावा. एकटा डबा दिसला की तोच ओला होतो आणि तोच सुका.

३) चहा-पाण्याचा उरलेला घोट ओतायला डब्यांजवळ एक बादली ठेवावी. कार्यालयात स्टीलचे किंवा काचेचे पेले आणावेत. पूर्वी होतेच, कुठे गेले ते साठा नोंदवहीत सापडेल.

४) निळ्या डब्याला भोकाचे झाकण करून घ्यावे आणि कागदासाठी फटीची वेगळी पेटी ठेवावी. खर्च किरकोळ निधीतून भागेल.

५) ठेक्याच्या अटींत दुसरे पोते घालावे. मावशींना हातमोजे द्यावेत, आणि चुकीचा डबा न उचलता तसाच ठेवण्याचा अधिकार लेखी द्यावा.

६) कचऱ्याची जावक नोंदवही सुरू करावी. तारीख, शाखेचे नाव, ओल्याचे वजन, सुक्याचे वजन, सुक्यात निघालेल्या भलत्या वस्तू, सही. ज्या शाखेचा डबा चुकला तो त्याच शाखेला, नोंदीसह, परत पाठवावा. ‘त्रुटीपूर्ततेसाठी परत’ हा शेरा आपण माझ्या अर्जावर इतक्या सुबक अक्षरांत मारता की डब्यावरही तो शोभून दिसेल.

७) महिन्याच्या आढावा बैठकीत त्या नोंदवहीचे पान वाचून दाखवावे. शाखांची नावे घेऊन. पहिले नाव आपल्या दालनाचे.

वाशिम हा केंद्राच्या यादीतला आकांक्षित जिल्हा आहे. आमच्या आकांक्षा मोठ्या आहेत असे वर कुणी समजत असेल, तर कृपया तसे कळवू नये. बाकावर बसलेल्यांची आकांक्षा एवढीच आहे की साहेबांनी स्वतःचा कप स्वतः उठून, रिकामा करून, बरोबर जागी टाकावा आणि ते शिपायाने, लिपिकाने, मावशींनी पाहावे. नियम वरून खाली येतात, असे आपण नेहमी सांगता. सवयीही वरूनच खाली येतात. त्यांना फक्त परिपत्रक लागत नाही.

तरी सदर प्रकरणी आपला लेखी खुलासा सात दिवसांच्या आत सादर करावा. मुदतीत खुलासा न आल्यास आपणास काहीही म्हणायचे नाही असे गृहीत धरले जाईल, आणि निळा डबा जे म्हणतो आहे तेच अंतिम मानले जाईल.

खुलासा पाठपोट छापावा. लॅमिनेशन करू नये.

आपला विश्वासू,
एक अर्जदार
(दाखला अद्याप प्रलंबित)